आधी चूळ भर

नोकरीत लोकांना नाना तऱ्हेच्या शिक्षा होतात. कुणाला मेमो मिळतो, कुणाची रजा कापतात. मला चूळ भरायला पाठवत. थट्टा नाही करत. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात काचेच्या एका गोदामात मी अकाउंट्स सांभाळायचे. तिथे तोंडातून 'मार्केट डाउन आहे', 'धंदा बसला', 'वाट लागली' यातलं काहीही निघालं की केबिनमधून आवाज यायचाच, "नाशुक्री करतेस काय गो? ऊठ. आधी चूळ भर!"

नाशुक्री म्हणजे देवाने जे दिलं त्याच्याबद्दल कुरकुर करणं. गोदामाच्या दाराशी एक नळ होता, आणि जूनमध्ये त्याचं पाणी इतकं तापायचं की नुसती चहापत्ती टाकायची बाकी. मलबारी ड्रायव्हर असो, पेशावरचा हमाल असो की मी मिरजेची सून असो, कुरकुरीचं तोंड सगळ्यांनी त्याच पाण्याने धुवायचं. माझ्या नवऱ्याची नोकरी गेली त्या सकाळी मी ऑफिसात येऊन "चाचा, आमचं सगळं संपलं हो," म्हणून रडायला लागले, तर आधी नळाकडे बोट. मी रडत रडत चूळ भरली. इतका राग आला होता! दुसऱ्या दिवशी नवऱ्याला त्यांनीच एका ओळखीच्याकडे कामाला चिकटवलं ही गोष्ट वेगळी, पण त्या चुळीचा राग माझा अजून गेलेला नाही.

सगळे त्यांना सेठ म्हणत, मी चाचा म्हणायचे. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. मिसरूड फुटायच्या आत लाँचमधून इकडे आले होते, तेव्हा म्हणे शारजात सांगण्यासारखं काही नव्हतं. उंच, काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी, खिशात काच कापायचा हिरा. हा हिरा दुसऱ्या कुणी हातात घेतलेला त्यांना खपत नसे. चालता चालता समोर येईल त्या काचेवर बोटाच्या पेराने टकटक करायची सवय. बँकेच्या काउंटरवर, दुसऱ्याच्या गाडीवर, एकदा तर अल मजाजमध्ये माझ्याच घरी येऊन आमच्या शोकेसवर. "ही काच कुणी घातलीन तुझ्याकडे? चोर हाय तो." मुलगा म्हणाला, "मम्मा, व्हाय इज ही हिटिंग अवर कबर्ड?"

आणि या एवढ्या मोठ्या काचवाल्याच्या स्वतःच्या केबिनला एकही काच नव्हती. चारी बाजूंनी प्लायवूड. विचारलं तर म्हणत, "हलवाई आपली मिठाई खातो काय?"

त्यांच्या धंद्याचा एकच कायदा. काच उभी राहिली पाहिजे. पेटीत उभी, ट्रकात उभी, गोदामात भिंतीला टेकून उभी. कुणी हमालाने काच क्षणभर जरी आडवी ठेवली तरी चाचा अंगावर धावून जात. "झोपवलीस तिला? काच झोपली की मेली!" मला सुरुवातीला हे खूळ वाटलं. मग एकदा दुसऱ्या कुणाचा आडवा भरलेला टेंपो आमच्या दारात उघडला आणि आतून नुसता चुरा सांडला, तेव्हा पटलं.

केबिनमध्ये तीन रेडिओ असत. एकावर उर्दू, एकावर हिंदी, एकावर इंग्रजी, जी त्यांना धड कळत नसे. तिन्हीकडे बातम्या. जगात कुठेही बॉम्ब पडला की चाचा खुर्चीतून उठून त्या रेडिओला कोकणीत अशा शिव्या घालत की मी कानात बोटं घालून बसायचे. "काच फोडायला अक्कल लागत नाय मेल्यांनो! बसवायला लागते!" लढाईवर त्यांचा राग अगदी घरच्या भांडणासारखा होता. शेजारच्या हार्डवेअरवाल्याने एकदा हसत हसत म्हटलं, "सेठ, तुमचं बरं आहे. तिकडे लढाई झाली की इकडे तुमची ईद." चाचांनी त्याच्या हातातला अर्धा प्यालेला चहा काढून घेतला. "खलास. तुझा माझा सलाम संपला." त्यानंतर दोघांनी एकमेकांच्या दारात पाय ठेवला नाही. नवा हातोडा हवा असला तरी आमचा ड्रायव्हर चार गल्ल्या लांब जायचा.

पण गंमत बघा. जगाबद्दल दिवसभर करवादणारा हा माणूस स्वतःच्या धंद्याबद्दल परक्यापुढे एक वाकडा शब्द काढत नसे. कंटेनर बंदरात अडकून पडलेला, गिऱ्हाईक फिरकत नाही, चाचांना रात्रभर झोप नाही, आणि कुणी विचारावं, "काय सेठ, कसं काय?" की हात छातीवर, मान खाली, "अल्लाचा शुकर. अल्हम्दुलिल्ला." म्हणजे देवाचे आभार, बस. चांगलं चाललंय म्हटलं तर नजर लागते, वाईट म्हटलं तर नाशुक्री होते. मग माणसाने बोलायचं काय? शुकर.

अफगाणिस्तानातली लढाई संपली असं टीव्हीवाल्यांनी जाहीर केलं, त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्याकडे उस्ताद आले. गावातल्या पिढीजात काच बसवणाऱ्याला तिकडे उस्ताद म्हणत असावेत, आम्हीही तेच म्हणायला लागलो. काबूलचे. लढाईच्या काळात पेशावरला पळालेले, तिथेच हिंदी-उर्दू शिकलेले, आणि आता बायकामुलांना घेऊन परत काबूलला गेलेले. बापाचं काचेचं दुकान होतं तिथेच पुन्हा शटर उघडलं होतं. आपल्या गावात एकसुद्धा खिडकी शाबूत नाही, हे सांगताना हा माणूस हसत होता. "सेठ, पूरा शहर हमारा गाहक है."

चाचांना उस्ताद पाहताक्षणी आवडले, कारण त्यांनीही आल्याआल्या भिंतीशी उभ्या काचेवर पेराने टकटक केली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, झालं. तिथून पुढे आमच्या पेट्या लाँचने इराणला आणि तिथून ट्रकने काबूलला जायला लागल्या, सगळ्या उभ्या. वाटेत किती फुटल्या ते उस्ताद फोनवर तोंडी सांगत आणि चाचा त्यातलं निम्मं नुकसान स्वतःकडे घेत. मी एकदा म्हटलं, "चाचा, फोटो तरी मागवूया." चाचा म्हणाले, "काच फुटली तर तो सांगेलच. माणूस फुटला तर फोटो काय उपयोगाचा?"

उस्तादांचं एकच म्हणणं होतं, आणि ते इतकं साधं होतं की ते कुणाला कळू नये याचा मला आजही संताप येतो. काबूलमध्ये काचवाल्यांची चार-दोन दुकानं पुन्हा उघडली होती. बाहेरून मदत देणाऱ्या संस्था शाळा, दवाखाने, घरं यांना हिवाळ्याआधी काचा देणार होत्या. तर त्या काचा या दुकानांतून घ्याव्यात, आणि दुकानदारांना थोडं कर्ज मिळावं. "लोगों को मुफ्त दो, ज़रूर दो. लेकिन हमसे लेकर दो." एवढंच. नाहीतर शहरभर फुकटची काच वाटली, तर दुकानात कोण येणार? आणि उस्तादांनी तर पेशावरचं बिऱ्हाड मोडून, मुलांना शाळेतून काढून सगळं या दुकानावर लावलेलं.

ठरवणार कोण? तर आधी सर्व्हे होणार होता. मदत देणाऱ्यांनी दुबईतल्या एका कन्सल्टन्सीला काम दिलं होतं. अफगाणिस्तानशी व्यापार करणारे सगळे मालक दुबई-शारजात येऊनजाऊन असतातच, तेव्हा त्यांनाच इथे गाठून विचारायचं, की तुमच्या मते तिथली आर्थिक परिस्थिती कशी आहे. काबूलला कोण कशाला जातंय, तिथे एसी नाही.

आमच्याकडे जी मुलगी आली ती निघाली मराठी. दुबईतच, ऊद मेथाच्या शाळेत शिकलेली, पहिलीच नोकरी. गळ्यात ओळखपत्र, हातात क्लिपबोर्ड. उस्तादही त्या दिवशी खरेदीला आलेले होते, तेव्हा तिला एका दगडात दोन पक्षी मिळाले.

"तू कुठली गो?" चाचांनी विचारलं.

"फ्रॉम दुबई, अंकल."

"ते कळलं. मूळची?"

"पेरेंट्स सातारचे आहेत."

"मग मराठी बोल की! काय तोंड दुखतंय?"

ती बिचारी हसली. वाईट नव्हती पोर. तिने मराठी-हिंदी-इंग्रजीची मिसळ करत विचारलं, "अंकल, अफगाणिस्तानमधला तुमचा बिझनेस करंटली कसा आहे? व्हेरी गुड, गुड, ॲव्हरेज की बॅड?"

चाचांचा हात छातीवर गेला. "अल्लाचा शुकर. अल्हम्दुलिल्ला."

तिने पेन फिरवलं. मग उस्तादांना हिंदीत तेच विचारलं. उस्तादांनीही मान झुकवली. "शुक्र है, बेटी. अल्लाह का बहुत करम है."

"आणि पुढच्या वर्षी, तुम्हाला काय वाटतं, इम्प्रूव्ह होईल?"

"इन्शाल्ला," दोघं एकदम म्हणाले.

मुलगी चहा पिऊन, खजूर खाऊन निघून गेली. कर्जाबद्दल, दुकानांबद्दल विचारेल म्हणून उस्ताद वाट बघत राहिले होते. तो प्रश्न तिच्याकडे नव्हताच. ते संकोचून म्हणाले, "शायद बाद में पूछेंगे." चाचा म्हणाले, "बोलावतील. मोठी माणसं हायत, पद्धतशीर करतील." पाहा! रेडिओला शिव्या देणारा माणूस, पण क्लिपबोर्डावर केवढा विश्वास!

बोलावलं खरं. दुबईला, देऱ्यात खाडीवरच्या एका हॉटेलात मोठा कार्यक्रम होता. प्रत्येकाला फोल्डर, पेन, पेपरमिंटच्या गोळ्या. इंग्रजी समजावून सांगायला म्हणून चाचांनी मला नेलं होतं. उस्ताद नवा कोट घालून आले होते, त्याच्या बाहीवरचं लेबल काढायचं राहिलं होतं. चाचांनी आत शिरतानाच हॉलच्या लांबरुंद काचेवर टकटक करून घेतलं आणि बुफेकडे बघून पुटपुटले, "एका पानाचे किती दिरहॅम असतील? गुणिले तेरा कर, रुपयात किती झाले बघू." मी म्हटलं, "चाचा, गप बसा."

एक सूटवाले साहेब स्टेजवर आले आणि पडद्यावर रंगीत खांब दाखवायला लागले. सगळे खांब उंच. लढाईनंतरच्या देशात व्यापाऱ्यांचा आत्मविश्वास अतिशय चांगला आहे. बहुतेक सर्व मालकांनी परिस्थिती 'गुड' किंवा 'व्हेरी गुड' असल्याचं सांगितलं. पुढच्या वर्षाबद्दल तर सगळेच आशावादी. टाळ्या. तेव्हा दुकानदारांना कर्ज देण्याची गरज दिसत नाही, बाजार आपल्या पायावर उभा आहे. ते पैसे लोकांना थेट मदत करण्यात वापरले जातील. काच एकदम मोठ्या प्रमाणावर बाहेरून विकत घेऊन हिवाळ्याआधी काबूलमध्ये मोफत वाटली जाईल. पुन्हा टाळ्या.

मी हळू आवाजात सगळं सांगत होते. चाचांचा चेहरा काळवंडला. "परिस्थिती चांगली? कुणी सांगितलंन?"

"तुम्हीच, चाचा."

"मी?"

"शुकर म्हणालात ना. त्या मुलीने ते 'व्हेरी गुड' लिहिलं. सगळ्यांचंच तसं लिहिलंय."

उस्ताद पडद्याकडे बघत होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण 'फ्री ग्लास' हे दोन शब्द कळले होते. त्यांनी कोटाची बाही हाताने घट्ट धरली होती.

चाचा उठले. साहेबांनी प्रश्नांची वेळ अजून झाली नाही म्हणून हाताने खुणावलं. चाचांनी बघितलंसुद्धा नाही. "सांग गो त्यांना," मला म्हणाले, आणि त्या थंडगार हॉलमध्ये मी उभी राहून एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेले.

"तुम्ही आम्हाला विचारलंत, कसं चाललंय. आम्ही शुकर म्हणालो. अहो, मयताच्या घरी जाऊन विचारा, तिथेपण शुकरच म्हणतील! मुलगा गेला तरी बाप शुकर म्हणतो. त्याचा अर्थ घरात लग्न हाय असा होतो काय?"

कुणीतरी मागे हसलं. बहुतेक सगळे व्यापारी मात्र खाली बघत होते. कारण सगळ्यांनी तेच सांगितलं होतं, आणि सगळ्यांना आपापलं माहीत होतं.

"लोकांना फुकट द्या, कोण नको म्हणतोय? पण ह्याच्याकडून घेऊन द्या. ह्याचं दुकान तिथे हाय. हा उभा राहिला तर उद्या फुटलेली काचपण बदलून देईल. तुमचे ट्रक उद्या असणार हायत काय?"

साहेब अगदी मुलायमपणे म्हणाले की, सर, तुमचं मत महत्त्वाचं आहे, परंतु सर्व्हेची मुदत संपलेली आहे, आणि आकडे तर चांगलंच सांगतायत.

"मग आता विचार," चाचा म्हणाले. "विचार मला. कसं चाललंय ते."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. शेवटी, एखाद्या लहान मुलाची समजूत काढावी तसं त्यांनी विचारलं, "हाउ इज युअर बिझनेस, सर?"

मी चाचांकडे बघत होते. एवढ्या वर्षांत तो शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. त्यांचा हात सवयीने छातीकडे निघाला, मध्येच थांबला, खाली आला.

"वाईट," ते म्हणाले. "माझा वाईट. ह्याचा वाईट. त्या मुलखात कुणाचाच बरा नाय. लिही! लिही की आता!"

मी म्हटलं, "बॅड. व्हेरी बॅड."

साहेबांनी लिहिलं नाही. "थँक यू फॉर शेअरिंग," म्हणाले. आणि पुढचा रंगीत खांब आला.

चाचांनी टेबलावरची पाण्याची बाटली उघडली. स्टेजशेजारी मोठ्या कुंडीत हॉटेलचं शोभेचं झाड होतं. तिथपर्यंत हा माणूस सगळ्यांच्या देखत ताठ चालत गेला, त्याने खळखळून चूळ भरली, आणि त्या झाडाच्या मुळाशी टाकली. दोन वेटर धावत आले. एक बाई 'ओ माय गॉड' म्हणाली. तिला झाडाचं वाईट वाटलं! त्या हॉलमध्ये एका माणसाचं दुकान, घर, मुलांची शाळा दिवसाढवळ्या बुडत होती, त्याचं कुणाला काही नाही, पण कुंडीत चूळ टाकली म्हणून किती ते आश्चर्य!

बाहेर पडताना सूटवाले साहेब आमच्या मागे आले. कार्ड पुढे करून म्हणाले, तुम्ही स्वतःच काचेचे सप्लायर आहात ना, मग या मोठ्या ऑर्डरसाठी टेंडर का भरत नाही? चांगली संधी आहे. मी भाषांतर केलं. खरं सांगते, माझ्याही डोळ्यांपुढे गोदामातून सुटणाऱ्या पेट्यांची रांग आली होती. चाचांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि साहेबांच्या वरच्या खिशात नीट परत ठेवलं. "सांग त्याला. हिरा माझ्याकडे काच कापायला हाय. मान कापायला नाय."

टेंडर दुसऱ्या कुणीतरी भरलं. ऑर्डर गेली. त्यानंतर आमच्याकडे काबूलची एकही पेटी भरली गेली नाही. मी दर महिन्याला गप्प बसून हिशोब मांडत होते. तोंड उघडलं असतं तर नळ होताच.

हिवाळा संपून उन्हाळा तापल्यावर उस्ताद आले. या वेळी खरेदीला नाही. कुणाच्यातरी बांधकामावर काम मिळतं का बघायला आले होते. तोच कोट, कोपरावर झिजलेला. आल्याआल्या सवयीने भिंतीशी उभ्या काचेकडे हात गेला, पण टकटक न करता त्यांनी तो मागे घेतला. चाचांनी बिनदुधाचा सुलेमानी चहा मागवला. चहा आला. मग विचारलं, "कैसा है, उस्ताद?"

"शुक्र है, सेठ. अल्हम्दुलिल्ला."

मी चाचांकडे बघितलं. त्यांनी कप खाली ठेवला, उठले, उस्तादांचा हात धरला आणि त्यांना गोदामाच्या दारापर्यंत घेऊन गेले. नळापाशी. माझी खुर्ची दारालगतच होती, मला सगळं ऐकू येत होतं.

"यहाँ बोलो," चाचा म्हणाले. "पानी पास में है."

उस्तादांनी आधी नळाकडे बघितलं. मग बोलले. दुकान गेलं होतं. फुकटची काच येणार हे कळल्यापासून कुणी साधं मापसुद्धा द्यायला आलं नाही. सगळे तिची वाट बघत बसले, आणि ती आली थंडी निम्मी संपल्यावर. एकाच मापाची, शहरातल्या एकाही चौकटीत न बसणारी. आणि ट्रकात आडवी घातलेली. "लिटा के लाए थे, सेठ," उस्ताद म्हणाले, आणि इतका वेळ शांत असलेला त्यांचा आवाज तिथे फुटला. निम्मी वाटेतच चुरा झाली होती. लोकांनी खिडक्यांना पुन्हा प्लॅस्टिक ठोकलं. मुलांना घेऊन बायको पेशावरला परत गेली. "बुरा हाल है, सेठ. बहुत बुरा."

चाचांनी नळ सोडला. उस्तादांनी ओंजळ भरली, चूळ भरली, वाळूत टाकली. मग चाचांनी भरली. तोंडाने तर त्यांनी काही कुरकुर केली नव्हती. मनात केली असेल.

नळ चालूच होता. चाचांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "ये गो. तूपण ये."

"मी कुठे काय बोलले, चाचा?"

"बोलली नाय. पण तोंड दिसतंय तुझं."

मी उठून गेले आणि चूळ भरली. पाणी नेहमीसारखंच कढत होतं. त्या साहेबांना, त्या रंगीत खांबांना आणि त्या टाळ्यांना मी मनात काय काय म्हटलं होतं ते इथे लिहीत नाही, पण एका चुळीने भागलं नाही. मी दुसरी भरली, तिसरी भरली. चाचा नळ धरून उभे होते. त्यांनी तो बंद केला नाही.